वर्षभराची जागा घ्यावी का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी साखळीची. वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलं, 61 टक्के पडले. प्राध्यापकीसाठीची नेट ही पात्रता परीक्षा झालेली नाही. ताळगावच्या पठारावर आपल्या गोवा विद्यापीठात एका संशोधन प्रकल्पावर वर्षभरासाठी सहायक हवा आहे. क्लार्कच्या जागाही निघतील असं ऐकते. बाबा म्हणतात, वर्षाच्या नोकरीला नोकरी म्हणू नये, कायमच्या जागेची वाट बघ. काय करू?

उत्तर : बाय, प्रकल्पाच्या जागेला अर्ज कर. शेवटच्या तारखेपर्यंत थांबू नकोस.

बाबांचं म्हणणं चुकीचं नाही. अशा जागेचा पगार बहुधा विद्यापीठाच्या तिजोरीतून येत नाही, केंद्राच्या एखाद्या विज्ञान खात्याने त्या कामापुरते पैसे दिलेले असतात. प्रकल्प संपला की जागा संपली. कायम होण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. पण मी 22 वर्षं आस्थापना विभागात काढली. प्रकल्पावर राबलेली मुलं मुलाखतीला आली की भरभरून बोलायची: चोडणच्या खारफुटीतले नमुने कसे आणले, कुठलं यंत्र हाताळलं, कुठे चुकलं. घरी वाट बघत बसलेल्या मुलांकडे गुणपत्रिकेपलीकडे सांगण्यासारखं काही नसायचं. हुशार मुलं ती, मला फार वाईट वाटायचं.

मात्र नेमणूक झाली म्हणजे पीएच.डी.ला प्रवेश मिळाला असं समजू नकोस. तो वेगळा रस्ता आहे आणि तो नेटवरून जातो. 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात, 70 टक्के भार त्यांना आणि 30 टक्के मुलाखतीला. तुझा विषय सीएसआयआर या केंद्राच्या विज्ञान संस्थेच्या नेटमध्ये, लाइफ सायन्सेस या पेपरात येतो. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे 42,000. हे आकडे बाबांना जरूर सांग. सहायक प्राध्यापकाची 55 टक्क्यांची अट तू ओलांडलीच आहेस, आता नेट, राज्य पातळीवरची सेट किंवा पीएच.डी. यांपैकी एक हवं. म्हणून संध्याकाळचे दोन तास अभ्यासाला राखूनच ही जागा घे.

क्लार्कची जाहिरात आली तर तिथेही अर्ज कर. कोकणी येणं तिथे आवश्यक असतं, मराठी इष्ट. घरी मराठी बोलत असलात तरी कोकणीची तयारी ठेव. आणि 15 वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. एका मुलीचा दाखला मुदत संपल्यावर तीन दिवसांनी हातात आला होता. सगळ्या बाबतीत पात्र होती ती. अर्ज बाद झाल्याचं मलाच तिला सांगावं लागलं, तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो.

तेव्हा जाहिरातीची वाट न बघता येत्या सोमवारी डिचोलीच्या मामलेदार कचेरीत जा. शाळेचे दाखले आणि रेशनकार्ड बरोबर ने, आणखी काय लागतं ते तिथेच विचारून लिहून घे.