मेंदूच्या धमन्या: नव्या रेसिडेंटसाठी

न्यूरोसर्जरीला नाशिकमध्येच रुजू झालास, छान. म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाच्या पेपरात विलिसचं वर्तुळ (मेंदूच्या तळाशी असलेलं धमन्यांचं कडं) सुबक काढलं की मार्क मिळतात. ऑपरेशन टेबलावर मात्र निम्म्याहून जास्त माणसांत ते तसं पुस्तकी नसतंच. आधी एवढं बघ:

१. पोस्टिरियर कम्युनिकेटिंग (कॅरोटिडला मागच्या सेरेब्रल धमनीशी जोडणारी) पी-१ पेक्षा, म्हणजे त्या मागच्या धमनीच्या पहिल्या तुकड्यापेक्षा, जाड आहे का? असेल तर ती ‘फीटल’ (गर्भात असते तशा) प्रकारची. मेंदूच्या मागच्या भागाचं रक्त कॅरोटिडकडून, म्हणजे मानेतल्या पुढच्या मोठ्या धमनीकडून, येतंय. ॲन्युरिझमला (धमनीवरच्या फुग्याला) क्लिप लावताना ही दाबली गेली, तर ऑक्सिपिटल भाग जातो आणि रुग्णाची अर्धी नजर. क्लिप बसली की पात्यांची टोकं स्वतः बघ, डॉपलर लावून रक्त वाहतंय का तपास. सिनियर घाई करत असला तरी.

२. दोन्ही ए-१ (पुढच्या सेरेब्रल धमन्यांचे पहिले तुकडे) सारख्या जाडीच्या आहेत का? त्या दोन बाजूंना जोडणाऱ्या अँटिरियर कम्युनिकेटिंगच्या फुग्याला रक्त बहुधा जाड बाजूनंच मिळतं.

३. ह्यूबनरची धमनी ए-१ च्या कडेनं उलटी मागे येते. दोऱ्याएवढी असते, फाटा समजून जाळू नकोस.

नवखे हमखास चुकतात ते एकाच ठिकाणी: रिपोर्ट वाचतात, स्कॅन उघडत नाहीत. एमआरएवर (धमन्या दाखवणाऱ्या एमआरआयवर) प्रवाह मंद असला तर बारीक धमनी नसल्यासारखीच दिसते. ट्रायजेमिनल धमनी वगैरे दुर्मीळ प्रकार सध्या राहू देत.