कचेरीतली मराठी : वाचकांच्या शंका

प्रश्न : आमचं मुख्य कार्यालय पुण्यात, आम्ही इंदुरात. आपसात मराठीच चालते. पण मी ‘बिलात संशोधन करून पाठवते’ असं लिहिलं की तिकडून हसरे चेहरे येतात. असे आणखी कोणते शब्द जपून वापरावेत?
– एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : मराठीत संशोधन प्रयोगशाळेत होतं. बिलात होते ती दुरुस्ती. ‘सुधारित बिल पाठवते’ लिहा, काम भागलं. इंग्रजी शब्दांनी मराठी बिघडते अशी ओरड फार होते, पण इंदुरात खरी फसगत करतात ते हिंदी-मराठीत सारखेच दिसणारे शब्द. सरकारी पत्र हिंदीत येतं, त्याचं उत्तर हिंदीत जातं, आणि मसुद्यातले शब्द जसेच्या तसे मराठी निरोपात उतरतात. घरचेच वाटतात, म्हणून कोणी तपासत नाही.

सर्वांत महागात पडतो तो ‘राजीनामा’. फारसी वळणाचा शब्द, राजी असल्याचा लेख. इकडच्या कोर्टाच्या हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांची तडजोड. लोक अदालतीच्या बातम्यांत तो याच अर्थाने येतो. मराठीत मात्र तो नोकरी सोडल्याचा कागद. ‘ठेकेदाराचा राजीनामा झाला’ असं पुण्याला कळवलंत, तर तिकडे ठेकेदार काम सोडून गेला असंच समजतील. ‘तडजोड झाली’ म्हणा.

‘सूचना’चं तसंच. हिंदीत सूचना म्हणजे माहिती. मराठीत कोणाला काही करायला सांगणं किंवा सुचवणं. ‘मी साहेबांना सूचना दिली’ या वाक्यात मराठी माणसाला तुम्ही साहेबांनाच कामाला लावल्यासारखं वाटतं. ‘साहेबांना कळवलं’ हे बरोबर. ‘नव्या मॅनेजरचा व्यवहार ठीक नाही’ हे तर फार जपून. मराठीत व्यवहार म्हटलं की आधी देणंघेणं आठवतं, म्हणजे तुम्ही पैशांच्या भानगडीचा संशय घेताय असा अर्थ निघू शकतो. तुम्हाला म्हणायचं असतं ‘वागणं’.

‘कोणाची आपत्ती नसेल तर’ याऐवजी ‘कोणाची हरकत नसेल तर’, कारण मराठीत आपत्ती म्हणजे पूर, भूकंप, आग. पण हाच ‘हरकत’ उलटा हिंदीत नेऊ नका, तिथे त्याचा अर्थ चाळे, आगळीक. ‘तक्रार’ही नेऊ नका, हिंदीत तकरार म्हणजे बाचाबाची, ग्राहकाकडून येते ती शिकायत. हिंदी अर्जातल्या ‘निवेदन है कि’ला मराठीत ‘विनंती’च हवी. मराठी निवेदन म्हणजे जाहीर म्हणणं, किंवा मोर्चा कलेक्टरांच्या हाती देतो तो कागद.

फोनवर हिंदी कीबोर्ड असेल तर तो ‘आपत्ति’, ‘प्रगति’ असं ऱ्हस्व सुचवत राहतो. मराठीत असे शब्द शेवटी दीर्घ लिहितात. सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडून घ्या, निम्म्या चुका तिथेच थांबतील.

शब्द उलट दिशेनेही गेलेत, हे जाता जाता सांगायला हवं. सावरकरांनी रूढ केलेला ‘महापौर’ आज इंदूरच्या हिंदी कारभारात रोज वापरला जातो.

प्रश्न : ‘रजा’ आणि ‘सुट्टी’ एकच का?
– एक वाचक, लोकमान्य नगर

उत्तर : नाही. सुट्टी सगळ्यांना असते: रविवार, रंगपंचमी. रजा आपण मागतो आणि ती मंजूर व्हावी लागते. हिंदीत दोन्हीला ‘छुट्टी’ चालते, म्हणून गोंधळ. हिंदी नियमातलं आकस्मिक अवकाश म्हणजे मराठीत किरकोळ किंवा नैमित्तिक रजा. अर्जित अवकाशाला अर्जित रजा. नुसता ‘अवकाश’ लिहू नका, मराठीत ते मोकळा वेळ किंवा अंतराळ. अर्ज एका वाक्यात होतो: ‘घरगुती कामासाठी मला दि. १२ ते १४ अशी तीन दिवसांची किरकोळ रजा मिळावी, ही विनंती.’ ‘प्रदान करण्याची कृपा करावी’ वगैरे लांबण लावायची गरज नाही.

प्रश्न : बिल, मेल, मीटिंग यांना मराठी शब्द वापरावेत का?
– एक वाचक, सुदामानगर

उत्तर : खुशाल तेच वापरा. बिघडतं ते लिंग. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे इकडे ‘बिल बनला’, ‘ऑफिस उघडला’ असं कानावर येतं. बिल, ऑफिस, टेबल, पार्सल, कार्ड या सगळ्यांना ‘ते’: बिल झालं, ऑफिस उघडलं. अनेकवचनही सांभाळा, ‘तीन बिल आले’ नव्हे, ‘तीन बिलं आली’. मेल आला आणि मेल आली, दोन्ही ऐकू येतात. कोणतंही एक धरा. शिवाय ‘साहेबांशी विचारलं’, ‘त्यांच्याशी भेटलो’ ही ‘से’ची छाया. विचारणं आणि भेटणं ‘ना’ घेतात: साहेबांना विचारलं, त्यांना भेटलो. ‘शी’ बोलण्याला.

प्रश्न : ज्यांच्या हाताखाली काम करतो त्या वरिष्ठ बाई आईच्या मैत्रीण आहेत. घरी ‘काकू’ म्हणतो. कचेरीत काय म्हणावं? आणि ‘आप’साठी ‘आपण’ म्हणू का?
– एक वाचक, रामबाग

उत्तर : चारचौघांत आडनाव आणि मॅडम, डबा खाताना काकू. दोघींनाही, म्हणजे मॅडमना आणि काकूंना, अवघडल्यासारखं होत नाही. ‘आपण’ मात्र टाळा. मराठीत त्याचा अर्थ ‘आपण सगळे’ असाही होतो. ‘आपण जाल’ आणि ‘आपण जाऊ’ यांत क्रियापदावरून उलगडा होतो, पण भूतकाळात काही क्रियापदांत तोही होत नाही. ‘आपण फाइल पाठवली का?’ या प्रश्नात फाइल त्यांनी पाठवायची होती की तुम्ही दोघांनी मिळून, हे कळत नाही आणि ती टेबलावरच राहते. ‘तुम्ही’ पुरेसं आदराचं आहे, फक्त क्रियापदाचा ‘त’ गाळू नका. ‘तुम्ही कधी आले?’ हे हिंदी ‘आप कब आए’चं वळण. ‘तुम्ही कधी आलात?’, ‘फाइल पाठवलीत का?’ असं विचारा.