शनिवार-रविवार आधीच आखावेत की विश्रांतीसाठी मोकळे ठेवावेत?

माझ्या मते शनिवारची सकाळ घरच्या कामांसाठी ठरवून टाकावी आणि रविवार शक्य तितका मोकळा ठेवावा. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन माल्कोक या संशोधकांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, करमणुकीला नेमकी वेळ नेमून दिली की ती कामासारखी वाटू लागते आणि तिचा आनंद घटतो. मात्र ‘दुपारी केव्हातरी भेटू’ इतकेच सैलसर ठरवले, तर तसे होत नाही. मला हा निष्कर्ष फार उपयुक्त वाटतो, कारण त्यामुळे मित्रांची भेटही होते आणि घड्याळाकडे पाहावे लागत नाही.

काही गोष्टी मात्र आखाव्याच लागतात. दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, आणि रविवारी डोंबिवलीहून दादरला जायचे असेल, तर मेगाब्लॉकच्या वेळा आदल्या दिवशीच पाहिलेल्या बऱ्या.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये मिळाली. घरातल्या स्त्रीला ती अनेक ठिकाणी आजही मिळत नाही, कारण सर्वांच्या निवांत रविवारचा नाश्ता, जेवण आणि पाहुण्यांचा चहा तिच्याच वाट्याला येतो. म्हणून रविवार मोकळा ठेवायचा असेल, तर त्या दिवशी स्वयंपाक कोण करणार, भांडी कोण घासणार आणि एक वेळचे जेवण बाहेरून मागवायचे का, हे शनिवारी रात्रीच सर्वांनी मिळून ठरवावे.