पहिल्या फोर बाय फोर सहलीला निघताना

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या रानवाटांवर आपण प्रथमच येत आहात, तेव्हा विंच (गाडी ओढून काढणारे दोराचे यंत्र), स्नॉर्केल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी) आणि उंच सस्पेन्शनचा विचार सध्या बाजूला ठेवा. मूळ स्वरूपातील फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी, चांगले टायर आणि हवेचा छोटा कॉम्प्रेसर एवढ्यावर छान भागते.

सर्वांत मोठा फरक टायरमधील हवेने पडतो. डांबर सोडताच ३२-३३ पीएसआयची हवा २२-२४ पर्यंत उतरवली, की टायर जमिनीवर पसरतो, जांभ्या दगडाच्या कडांचा मार कमी बसतो आणि ओल्या तांबड्या मातीतही पकड टिकते. मात्र परतताना हवा पुन्हा भरल्याशिवाय डांबरावर वेग घेऊ नये.

नवखे चालक हमखास करतात ती चूक म्हणजे अर्ध्या चढात गाडी अडल्यावर फोर लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) शोधणे. तो पायथ्याशीच टाकावा, खालच्या गिअरमध्ये सावकाश चढावे आणि जळका वास येईपर्यंत क्लचशी झुंजत बसू नये. उतारावर न्यूट्रल तर मुळीच नको, इंजिनालाच गाडी धरू द्या.

रुतलेली गाडी ओढताना पट्टा टो बॉलला (ट्रेलर जोडण्यासाठी गाडीमागे असलेल्या लोखंडी गोळ्याला) कधीही अडकवू नका. तो बॉल तुटून गोळीसारखा सुटू शकतो. बघ्यांनाही दूर उभे करा, आणि आपल्याकडे बघ्यांची वाण कधीच नसते.

भीमगड अभयारण्यातील वाटा वनखात्याच्या परवानगीशिवाय वर्ज्य समजा. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी गढूळ व वेगाचे असेल, तर गाडी सरळ मागे वळवा.