आमच्या दवाखान्यात छातीचे एक्स-रे वाचणारं एआय येतंय. सिस्टर आणि आशाताईंना त्याबद्दल काय शिकवावं?

तुम्ही निपाणीजवळच्या ट्रस्टच्या दवाखान्यात सिस्टर आहात, टीबी शोधायला हे सॉफ्टवेअर येतंय आणि स्टाफला तयार करायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी बेळगाव जिल्ह्यातच एक्स-रे टेक्निशियन आहे. आमच्याकडे असलं सॉफ्टवेअर चालतं, म्हणून सांगतो. कंपनीचा माणूस येईल, स्क्रीन दाखवेल, चहा घेऊन जाईल. कुठलं बटण कुठं आहे ते त्यात कळतं. पुढचं तुम्हालाच शिकवावं लागेल.

आधी आकडा समजावा. सॉफ्टवेअर प्रत्येक एक्स-रेला गुण देतं आणि ठरवलेल्या रेषेच्या वर गेला की 'संशयित' म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च 2021 मध्ये 15 वर्षं आणि त्यावरच्या माणसांच्या टीबी तपासणीसाठी असं सॉफ्टवेअर वापरायला संमती दिली, पण रेषा कुठं ओढायची ते ज्या त्या भागावर सोडलं. रेषा खाली आणली तर नजरेतून कमी रोगी सुटतात, पण थुंकी तपासणीला रांग लागते. वर नेली तर उलटं. म्हणून करार करायच्या आधीच विचारा, ही रेषा बदलायचा अधिकार कुणाकडे? कंपनीकडेच असेल तर सही थांबवा.

स्टाफला पटवायला मी फळ्यावर एक हिशोब मांडतो. तपासणीच्या पहिल्या पायरीच्या चाचणीकडून जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा अशी : 100 रोग्यांपैकी 90 सापडावेत आणि 100 निरोगी माणसांपैकी 70 जणांना 'काही नाही' म्हणावं. आता शिबिरात 1000 माणसं आली आणि त्यात खरे रोगी 10 आहेत असं धरा. 9 सापडतील. पण उरलेल्या 990 पैकी 297 निरोगी माणसांवरही संशय येईल. म्हणजे 306 जणांना थुंकी द्यायला सांगायचं आणि त्यात टीबी निघणार 9 जणांना. चौतीसात एक! हा हिशोब एकदा डोक्यात बसला की 'मशीननं टीबी सांगितला' असं कुणी म्हणत नाही. मशीन फक्त पुढं कुणाला पाठवायचं ते सांगतं. टीबी आहे की नाही ते ट्रूनॅट किंवा सीबीनॅट, म्हणजे थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी तपासणी, सांगते. (ट्रूनॅट आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं आहे, हे इथं फार जणांना माहीत नसतं.)

तुमच्या भागात एक जास्तीची अडचण आहे. विड्या वळणाऱ्या बायका, तंबाखूच्या वखारीतली माणसं, वर्षानुवर्षांचा खोकला आणि पूर्वी टीबी होऊन गेलेले पुष्कळ जण. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ढाक्यातल्या अभ्यासात जवळपास 24 हजार माणसांच्या एक्स-रेंवर अशी पाच सॉफ्टवेअर तपासली. पाचही तिथल्या रेडिओलॉजिस्टपेक्षा सरस ठरली, पण वयस्कर आणि पूर्वी टीबी होऊन गेलेल्या माणसांत त्यांचं काम उतरलं. जुना व्रण आणि नवा रोग वेगळा ओळखणं त्यांना जड जातं. तेव्हा 'आधी टीबीची औषधं घेतली होती का?' हा प्रश्न एक्स-रेच्या आधी विचारायचा आणि केसपेपरवर लिहायचा. हे शिकवलं नाही तर बाकी शिकवून उपयोग नाही.

टेक्निशियनचं काम यामुळं कमी होत नाही. वेणी पुढं आली, मंगळसूत्र, ताईत अंगावर राहिला की त्याची सावली फुप्फुसावर पडते. आपण ओळखतो, सॉफ्टवेअर ओळखेलच याचा भरवसा धरू नका. झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये हृदय मोठं दिसतं, तेही सांगून ठेवा.

आणि एक वही घाला. सॉफ्टवेअर एक म्हणालं आणि डॉक्टर दुसरं म्हणाले, की तारीख, गुण, थुंकीचा रिपोर्ट आणि कारण त्यात लिहायचं. रेषा हलवायची की नाही ते या वहीवरूनच ठरवता येतं. चिकोडी, गडहिंग्लज, मिरजेकडच्या ओळखीच्या लोकांशी बोलताना मला याच नोंदी कामी येतात. जाहिरातीच्या पत्रकात त्या सापडत नाहीत. फक्त व्हॉट्सॲपवर फिल्म टाकताना कोपऱ्यातलं नाव आणि नंबर झाका. आमच्या भागातल्या एका ग्रुपवर नावासकट फिल्म फिरली आणि त्या घरच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न लांबलं.

कन्नडमधला रिपोर्ट मोबाईलवरच्या एआयला दाखवून मराठीत समजून घेणारे पेशंट आता येतात. येऊ देत, पण औषधाचं प्रमाण त्यावरून कुणी ठरवू नये, एवढं ताईंना सांगा.

ताईंसाठी शेवटचं. संशयित यादीतल्या माणसाला फोनवर 'तुमचं नाव आलंय' म्हणायचं नाही. घरी जायचं, शेजारणीसमोर विषय काढायचा नाही, 'छातीची आणखी एक तपासणी करायची आहे' म्हणून डबी हातात द्यायची. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, खोल खोकून बेडका काढायला सांगायचं. डबीत नुसती लाळ आली तर ती परत पाठवून पुन्हा मागवायची.