वाचकांचे प्रश्न : क्युबाची साखर, रेशनची वही आणि रांगेतला ‘ऊल्तिमो’

प्रश्न : क्युबा म्हणजे साखरेचे कोठार, असे शाळेत शिकलो. आता तोच देश साखर बाहेरून आणतो म्हणे. ऊस तर तिथे आजही आहे, मग असे कसे झाले? – एक ऊस उत्पादक, कोपरगाव

उत्तर : तुम्ही ऐकलेत ते खरे आहे. १९८९-९० च्या सुमारास क्युबात वर्षाला ८० लाख टनांच्या आसपास साखर निघत होती. २०२२-२३ च्या हंगामात ती साडेतीन लाख टनांवर आली, आणि देशाची स्वतःची गरजच त्याहून मोठी आहे.

मूळ १९६० मध्ये आहे. त्या जुलैत अमेरिकेने क्युबाच्या साखरेचा कोटा तोडला आणि सोव्हिएत संघ मुख्य गिऱ्हाईक झाला. तोही जगाच्या बाजारापेक्षा चढ्या भावाने साखर घेई आणि बदल्यात तेल, ट्रॅक्टर, खत देई. साखर काढायला खरा खर्च किती येतो, हे तपासायची वेळच तीस वर्षे आली नाही. १९७० च्या हंगामात तर एक कोटी टनांचे लक्ष्य ठेवून कचेऱ्या-कारखान्यांतली माणसे फडात उतरवली. साखर निघाली ८५ लाख टन, म्हणजे तोवरचा उच्चांक. पण बाकीचे सगळे उद्योग त्या वर्षी खिळखिळे झाले.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि खत, डिझेल, सुटे भाग यांची आवक कोसळली. त्यानंतर काय घडले ते ऊसवाल्याला वेगळे सांगायला नको. नवी लागण परवडेना, म्हणून खोडव्यावर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेले पीक) घेत राहिले. खत नाही, तुटाळी (फडातल्या रिकाम्या जागा) भरल्या जात नाहीत. फड विरळ होत गेला. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळपाला जायला हवा, पण एखाद्या पंपाच्या भागासाठी कारखाना थांबला की ऊस वाहनातच वाळतो आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, घसरतो. तिथला हंगाम, ‘साफ्रा’, साधारण डिसेंबर ते एप्रिल असतो. दुरुस्त्या लांबून कारखाने उशिरा पेटले, तर शेवटचा ऊस मे महिन्याच्या पावसात सापडतो. मग तोडणी यंत्रे चिखलात रुततात आणि उतारा आणखी खाली जातो.

२००२ मध्ये सरकारने १५६ पैकी जवळपास निम्मे कारखाने बंद केले. कामगारांना पगार चालू ठेवून शिकायला पाठवले; तो निर्णय माणुसकीचा होता. जमीन मात्र पडीक राहिली आणि तिच्यावर ‘माराबू’ नावाचे काटेरी झुडूप माजले. हे झुडूप आपल्याला परके नाही, आपल्या माळरानावरची दुरंगी बाभूळ ती हीच. वरून तोडली तर मुळांतून पुन्हा फुटते, त्यामुळे मुळासकट काढावी लागते आणि त्याला अवजड यंत्र व डिझेल लागते. नेमके तेच तिथे नाही.

प्रश्न : तिथल्या रेशनकार्डावर काय-काय मिळते? महिना निघतो का? – एक गृहिणी, सांगली

उत्तर : महिना निघत नाही. पूर्ण माल आला तरी दहा-पंधरा दिवस निघतात.

‘लिब्रेता’ ही कुटुंबाला दरवर्षी मिळणारी छोटी वही. मार्च १९६२ च्या कायद्याने ती आली आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखी लागू झाली. वही राहत्या पत्त्याजवळच्या एकाच दुकानाशी, ‘बोदेगा’शी, जोडलेली असते. घर बदलले की नोंदणी कार्यालयात जाऊन नाव हलवावे लागते, तोवर नव्या ठिकाणी माल मिळत नाही. बऱ्याच वर्षांचे माणशी महिन्याचे प्रमाण असे : तांदूळ ७ पौंड (तीन किलोंहून थोडा जास्त), साखर ४ पौंड, थोड्या डाळी-घेवडे, तेल, अंडी, कॉफी ४ औंस. रोज एक पाव. तो ८० ग्रॅमचा होता, सप्टेंबर २०२४ पासून ६० ग्रॅमचा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना दूध. गरोदर स्त्रिया आणि काही आजारांच्या रुग्णांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वेगळा आहार.

बेटावर राहूनही मासळीच्या वाट्याला अनेकदा कोंबडीच दिली जाते. त्याला लोकांनी नावच पाडले आहे, ‘पोयो पोर पेस्कादो’, म्हणजे माशाऐवजी कोंबडी.

अलीकडे तांदूळ-साखर महिनोन्‌महिने उशिरा येते. वहीमुळे आहे ते सारखे वाटले जाते आणि हा तिचा मोठा गुण आहे. पण गोदामच रिकामे असेल, तर वही काय वाटणार? उरलेले सामान भाजीबाजारातून किंवा २०२१ नंतर परवानगी मिळालेल्या खासगी दुकानांतून घ्यावे लागते. तिथले भाव निव्वळ सरकारी पगारावर जगणाऱ्याच्या आवाक्याबाहेर आहेत. परदेशातून नातेवाईक पैसे पाठवतात त्या घरात चूल नीट पेटते, आणि समतेसाठी झालेल्या क्रांतीच्या देशात ही दरी सर्वांत जास्त बोचते.

रेशनच्या कॉफीत भाजलेले वाटाणे दळून मिसळतात. ही पूड मोका भांड्यात (वाफेच्या दाबाने कॉफी काढायचे, चुलीवरचे भांडे) फुगून गाळणी बुजवते. मग वाफेला वाट मिळत नाही आणि भांडे फुटून लोक भाजतात. म्हणून पाणी सुरक्षा-झडपेच्या खालीच ठेवावे, पूड सैल भरावी, दाबू नये, आच मंद ठेवावी आणि झडप दर वेळी साफ करावी.

प्रश्न : तिथे लोक रांगेत उभे न राहता इकडे-तिकडे पांगलेले दिसतात, तरी भांडण कसे होत नाही? – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : आल्याबरोबर मोठ्याने विचारायचे, ‘ऊल्तिमो?’ म्हणजे शेवटचा कोण. जो हात वर करेल त्याच्या मागे तुमचा नंबर. लगेच त्याला विचारायचे, ‘तुम्ही कोणाच्या मागे?’ कारण तो कंटाळून निघून गेला, तर तुमचा दुवा तुटतो. पुढचा माणूस आला की हात वर करण्याची पाळी तुमची. एवढे झाले की सावलीत बसा.

प्रश्न : अख्ख्या देशाची वीज एकाच वेळी कशी जाते? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : १८ ऑक्टोबर २०२४ ला तसे झाले. मातान्सासचे आन्तोनियो गितेरास हे औष्णिक केंद्र बंद पडले आणि सुमारे एक कोटी लोक अंधारात गेले. मागणीपेक्षा वीज कमी असताना मोठा वीजनिर्मिती संच अचानक तुटला की वीजजाळ्याची वारंवारता (विजेच्या प्रवाहाचा सेकंदाला ठरलेला ठेका) घसरते आणि बाकीचे संच स्वतःला वाचवण्यासाठी एकामागोमाग जाळ्यातून सुटतात. संच जुने, आणि जळण म्हणून देशातले गंधकयुक्त जड तेल. त्याने बॉयलरच्या नळ्या खाल्ल्या जातात. पुन्हा सुरुवात करताना आधी छोट्या जनित्रांवर लहान-लहान ‘बेटे’, म्हणजे स्वतंत्र चालणारी छोटी वीजजाळी, उभी करतात, त्यांतून मोठ्या केंद्राच्या पंपांना वीज देतात आणि मग बेटे जोडतात. जोडताना भार जास्त पडला तर सगळे परत कोसळते, आणि त्या आठवड्यात तसे झालेही.