‘व्हिजिटिंग कार्ड’मधली व्हिजिट

प्रश्न असा आला आहे : व्हिजिटिंग कार्ड आणि बिझनेस कार्ड एकच का? कार्ड देताना आपण कुणाच्या घरी जात नाही, मग ही ‘व्हिजिट’ कुठली? आणि मराठीत काय म्हणावं?

आज वस्तू एकच आहे. मुळात मात्र दोन होत्या.

व्हिजिट खरोखरच घरी जाण्याची होती. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये आणि मग युरोपभर, प्रतिष्ठितांच्या घरी परस्पर आत जाणं शिष्टसंमत नव्हतं. दाराशी नोकराच्या हाती कार्ड द्यायचं, ते आत जायचं, आणि मालक ‘घरी आहेत’ की नाहीत हे त्यानंतर ठरायचं. कार्डावर बहुतेकदा नुसतं नाव असे. त्या काळी पत्त्यांच्या पानांची पाठ कोरी असायची, तिच्यावरही लोक नाव लिहून ठेवून येत. कोपरा दुमडलेला असला, तर माणूस स्वतः येऊन गेला असं समजायचं. गाव सोडताना कार्डावर ‘पी. पी. सी.’ लिहीत, ‘निरोप घेण्यासाठी’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांची ती आद्याक्षरं. म्हणजे हे कार्ड भेटीच्या आधी जाई, कधी भेटीच्या जागी. मला या शब्दातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

दुसरी वस्तू व्यापाऱ्यांची. लंडनमध्ये घरांना क्रमांक देण्याची पद्धत 1760च्या दशकात रुळू लागली. त्याआधी दुकान सांगायचं ते पाटीवरच्या चित्रावरून, आणि छापील कार्डावर ते चित्र नि जागेचं वर्णन असायचं. चित्रकार विल्यम होगार्थने 1720मध्ये स्वतःच्या कोरीवकामाच्या धंद्यासाठी केलेलं कार्ड प्रसिद्ध आहे. या दोन कार्डांची सरमिसळ शिष्टाचारात बसत नव्हती : भेटीच्या कार्डावर धंदा नको.

पुढे घरोघरी कार्ड ठेवण्याची रीत मावळली आणि धंद्याचं कार्ड उरलं. इंग्रजीत त्याला ‘बिझनेस कार्ड’ म्हणण्याकडे कल वाढला. पण फ्रेंच ‘कार्त द व्हिझित’, जर्मन ‘व्हिझीटनकार्ट॒े’, रशियन ‘व्हिझित्का’ यांनी भेट सोडली नाही. त्यामुळे ‘व्हिजिटिंग कार्ड म्हणणं चूक’ हा आक्षेप मला मुळीच पटत नाही.

जपानी शब्द आहे ‘मेइशी’. तो चिनी लिपीतल्या दोन चिन्हांनी लिहितात. पहिलं ‘नाव’, दुसऱ्याचा मूळ अर्थ ‘टोचणं’, पण प्राचीन चीनमध्ये भेटीला जाताना आत पाठवायच्या नावाच्या पट्टीलाही तेच चिन्ह होतं. 1984मध्ये चीनमधल्या मा-आनशान इथे तिसऱ्या शतकातला सेनापती जू रान याची कबर उघडली, तेव्हा तिच्यात अशा लाकडी पट्ट्या मिळाल्या.

आता मराठी. ‘ओळखपत्र’ नको, ते फोटो-शिक्क्याचं, आपण कोण हे सिद्ध करणारं. ‘परिचयपत्र’ म्हटलं की शिक्षण-अनुभवाची माहिती डोळ्यांपुढे येते. ‘भेटकार्ड’ शब्दशः नेमकं बसलं असतं, पण ‘भेट’ म्हणजे नजराणाही, आणि तो शब्द शुभेच्छांच्या कार्डाने आधीच घेतला आहे. लेखनात मराठीच शब्द हवा असेल तर मी ‘नामपत्र’ सुचवेन. बोलताना मात्र ‘तुमचं कार्ड द्या ना’ एवढंच म्हणतात, आणि कुठलं कार्ड हे कुणाला विचारावं लागत नाही.